सेक्रेटरींनी मोटर ताब्यात घेतली

भाचीचा फोन आला तेव्हा सेक्रेटरी दाढी करत होते आणि अर्ध्या गालाला साबण असतानाच त्यांनी तिला होकार देऊन टाकला. पुढे जे काही रामायण झालं त्याचं मूळ त्या अर्ध्या गालात आहे, असं त्यांची बायको अजून म्हणते. दाढी पुरी झालेला माणूस निदान तोंड धुवेपर्यंत तरी विचार करतो, असं तिचं मत.

भाची मानववंशशास्त्र शिकत होती. हे शास्त्र नेमकं काय करतं ते सेक्रेटरींना माहीत नव्हतं. कवट्या मोजतात, एवढं कुठेतरी वाचलेलं होतं. भाची म्हणाली, कवट्यांचा जमाना गेला, आता आम्ही जिवंत माणसांत जाऊन राहतो आणि नुसतं बघत बसतो. तिचा प्रबंध रोजच्या जगण्यातल्या सत्तेवर होता. म्हणजे मंत्री आणि निवडणुका नव्हेत. घरात, जिन्यात, कचेरीत कुणाचं चालतं, कसं चालतं आणि बाकीचे ते का चालवून घेतात, एवढंच. त्यासाठी तिला एखादी छोटी जागा हवी होती आणि महिनाभर मुक्काम हवा होता.

"मग आमची बिल्डिंग काय वाईट आहे?" सेक्रेटरी साबणातून म्हणाले. "सत्ता बघायचीय ना तुला? मग तुझा मामा कोण आहे?"

मामा तीन मजली बिल्डिंगचा सेक्रेटरी होता. दरवर्षी बिनविरोध निवडून यायचा. या बिनविरोध शब्दावर त्यांचा फार जीव. जिना चढताना मनातल्या मनात तो म्हटला की गुडघे कमी दुखतात, असा त्यांचा अनुभव होता. आपल्याविरुद्ध कुणी उभं का राहत नाही, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडला नाही. विमा कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाला बाहेर असले प्रश्न पडत नाहीत, दिवसभरात पुरेसे पडलेले असतात.

आणि खरं सांगायचं तर होकारामागे दुसरंच कारण होतं. भाची ही ताईची मुलगी. प्रबंध झाला की ताई तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार, चुका काढत वाचणार. लहानपणापासून ताईने या भावाला एकाच सुरात हाक मारली होती, ज्या सुरात माणसं दार लावून घ्यायला सांगतात. साठीला आलेल्या भावाला ती आजही चारचौघांत 'तुला नाही जमायचं, दे इकडे' म्हणायची. आता छापील पानांवर, तिच्याच मुलीच्या हातचं, तिला वाचायला मिळणार होतं की या बिल्डिंगचा कारभार कोण हाकतो. या कल्पनेने सेक्रेटरींना त्या दिवशी नाश्ता गेला नाही.

भाची आली. सेक्रेटरींनी तिला पहिल्याच दिवशी सत्ता दाखवायला नेलं. आधी नोटीस बोर्ड, त्याला काच, काचेला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली फक्त आपल्याकडे. मग रबरी शिक्का. मग फायली. भाचीने सगळं अगदी मन लावून पाहिलं आणि मग विचारलं, "मामा, खाली जिन्याशी खुर्ची टाकून बसतात त्या कोण?"

"त्या बाई," सेक्रेटरी म्हणाले. "रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. मोटर सुरू करतात."

झालं, विषय संपला असं त्यांना वाटलं. तो तिथेच सुरू झाला होता.

मोटरचं असं होतं. जिन्याखाली एक खोपटं, त्यात पंपाची मोटर. जमिनीतल्या टाकीतलं पाणी ती गच्चीवरच्या टाकीत चढवायची. खोपट्याला कुलूप आणि किल्ली बाईंच्या चष्म्याच्या घरात. ती तिथे कधीपासून आहे, कुणी दिली, हे कुणालाच आठवत नव्हतं. रोज सकाळी बाई खुर्चीतून उठायच्या, ती किल्ली वर जाणाऱ्या लोखंडी पाइपवर टणटण वाजवायच्या, आणि तो आवाज पाइपातून सगळ्या न्हाणीघरांत जायचा. पाणी येतंय, उघडे नळ बंद करा, असा त्याचा अर्थ. वरून नळ फिरवल्याचे आवाज आले की मगच बटण दाबलं जायचं.

आणि एखाद्या सकाळी आवाज यायचाच नाही. कुणी विचारलं तर बाई शांतपणे सांगायच्या, "आज मोटर जरा गरम झालीये." एवढं ऐकलं की बिल्डिंगमध्ये शोध सुरू व्हायचा. जिन्यात कचरा कुणी टाकला? वॉचमनला कोण टाकून बोललं? पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांकडे बघायचे, साहेब डॉक्टरांकडे बघायचे. दरम्यान सगळे जण तिसऱ्या मजल्यावर चढून सेक्रेटरींना यथेच्छ बोलून घ्यायचे. सेक्रेटरी सदरा अडकवून खाली जायचे, बाईंसमोर उभे राहायचे, कुणाचं काय चुकलंय ते हळूच काढून घ्यायचे, वर येऊन त्या माणसाला सांगायचे, तो मुकाट्याने चूक निस्तरायचा आणि मोटर गार व्हायची. हे इतकं वर्षानुवर्षं चालत आलं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटतच नव्हतं.

भाची बाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसायला लागली. वर येऊन जेवायची, पुन्हा खाली. सेक्रेटरी आतल्या आत अस्वस्थ. एकदा त्यांनी नोटीस बोर्डाचं कुलूप तिच्यासमोर दोनदा उघडून लावलं. ती हसून म्हणाली, "पाहिलं मामा," आणि परत बाईंशी बोलायला लागली.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना न राहवून त्यांनी विचारलंच. काय मग, इथे कुणाचं चालतं असं निघतंय? भाचीने तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, "मामा, एक सांगू? मी आल्यापासून तुला लोक काहीही विचारू देत, तुझं उत्तर एकच असतं."

"काय?"

"बाईंना विचारून सांगतो."

सेक्रेटरींच्या बायकोला इतकं हसू आलं की तिला उठून आत जावं लागलं. सेक्रेटरींनी खुलासा केला की तो सभ्यपणा आहे, वडीलधाऱ्या माणसाचा मान ठेवावा लागतो. भाची म्हणाली, असेल. मग सेक्रेटरींनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण प्रबंधात मी कुठे आहे?"

"अजून शोधतेय, मामा," भाची म्हणाली, आणि ती हे इतक्या मायेने म्हणाली की ते जास्तच लागलं.

त्या रात्री त्यांना झोप कसली येते. डोळ्यांपुढे ताई, तिच्या हातात जाडजूड प्रबंध, आणि ती पान उलटत विचारतेय, तू कुठे आहेस रे यात? सकाळी उठले ते निश्चय करूनच. चुकलं कुठे ते त्यांना कळलं होतं, निदान तसं वाटलं तरी होतं. सेक्रेटरी आपण आणि मोटर बाईंकडे, ही सगळी गडबड त्यातून आहे. मोटर ही बिल्डिंगची, बिल्डिंगचा कारभार कमिटीचा, म्हणून मोटर सेक्रेटरीची. यात खोट काढून दाखवा. दुसऱ्या कुणी बाईंशी चार शब्द बोलून पाहिलं असतं. सेक्रेटरींनी नोटीस लावली, शिक्का मारला आणि सभा बोलावली.

सभा जिन्यात भरली. 'मोटरची व्यवस्था सेक्रेटरींकडे सोपवण्याबाबत' असा ठराव त्यांनी वाचला. सगळे बाईंकडे बघत होते.

बाई म्हणाल्या, "ठराव नियमाला धरून आहे. मी अनुमोदन देते."

मग पटापट हात वर झाले. बाईंनी चष्म्याचं घर उघडलं, किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि सेक्रेटरींच्या हातावर ठेवली. एवढंच म्हणाल्या, की पाइपवर वाजवायची असते, लक्षात असू द्या. सेक्रेटरी म्हणाले, आता त्याची गरज नाही, आपण वेळापत्रक लावू. हेडक्लार्क माणसाने किल्लीने पाइप बडवत बसायचं म्हणजे शोभत नाही, असं त्यांना वाटलं. बाईंनी खुर्ची उचलली, तळमजल्यावरच्या आपल्या घरात नेली आणि दार लावून घेतलं.

पहिला दिवस छान गेला. सेक्रेटरी ऐटीत खाली उतरले, बटण दाबलं, मोटर घुमायला लागली. त्यांनी भाचीकडे पाहिलं. भाची खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बँकेतले साहेब आंघोळीला गेले, नळाला पाणी नाही म्हणून वैतागून तसेच बाहेर आले आणि नळ उघडा ठेवून, दाराला कुलूप लावून कामाला निघून गेले. वेळापत्रक त्यांनी वाचलं होतं. पण वेळापत्रक काही न्हाणीघरात येऊन टणटण वाजत नाही. सेक्रेटरींनी ठरल्या वेळेला मोटर लावली. साहेबांचं घर भरलं आणि खाली दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या छताला पाझर फुटला. त्या वेळी खुर्चीत एक पेशंट आ करून बसला होता. वरून तोंडात गार धार पडली तेव्हा त्याला ही उपचाराचीच नवी पद्धत वाटली; त्याने व्यवस्थित चूळ भरली आणि थुंकली. डॉक्टरांना मात्र ती नवी नव्हे, संतापजनक पद्धत वाटली. ते हातातल्या चिमट्यासकट तिसऱ्या मजल्यावर आले.

डॉक्टर बोलले. संध्याकाळी साहेब बोलले. हे नेहमीचंच होतं. सेक्रेटरींना बोलणी खायची सवय होती. पण या वेळी त्यांनी सवयीने सदरा अडकवला, सवयीने खाली आले, आणि जिन्याखाली येऊन उभे राहिले तर समोर कुणी नाही. बाईंचं दार बंद. कुणापुढे मान खाली घालायची? किल्ली तर आपल्याच खिशात. ते थोडा वेळ मोटरसमोरच मान खाली घालून उभे राहिले आणि परत वर आले.

साहेब मग गुर्मीतच वागायला लागले. स्कूटर गेटमध्ये आडवी लावायची, वर जाताना शीळ घालायची. तेव्हा सेक्रेटरींना सुचलं की आपल्याकडे हत्यार आहे की. दुसऱ्या सकाळी त्यांनी मोटर लावलीच नाही. लोक जमले. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि बाईंच्याच थाटात सांगितलं, "आज मोटर जरा गरम झालीये."

साहेब खोपट्यात शिरले, मोटरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गार आहे."

डॉक्टरांनी हात लावून पाहिला. गार आहे. मग एकेक करत अख्ख्या बिल्डिंगने मोटरला हात लावून पाहिला. इतक्या वर्षांत बाईंच्या मोटरला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. सेक्रेटरी बाजूला उभे होते आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या मोटरपेक्षा कितीतरी गरम झाल्या होत्या. भाचीने खाली मान घातली. तिला वाईट वाटत होतं की ती मनात नोंद करत होती, हे काही कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

त्यानंतर सेक्रेटरींना स्वस्थता म्हणून मिळाली नाही. कचेरीत बसलं तरी लक्ष घड्याळाकडे. टाकी भरली असेल का, वाहत असेल का, आज नळ कुणी उघडा टाकला असेल. रिक्षा करून घरी यायचे, गच्चीवर धावायचे, खाली यायचे, परत कचेरीत. तिथल्या साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. मोटर मध्येच एअर पकडायची, म्हणजे नुसती घुमायची आणि पाणी ओढायची नाही. मग नटबोल्ट उघडून तांब्याने पाणी ओतत बसा. बायको म्हणाली, "तुमच्या हातात सत्ता आल्यापासून घरातला तांब्या सापडत नाही."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बाई. एका सकाळी दारावर टकटक झाली. बघतात तर तीन मजले चढून, धापा टाकत, हातात रिकामी बादली घेऊन बाई उभ्या.

"पाणी नाही," बाई म्हणाल्या. "काय चाललंय काय, सेक्रेटरी?"

आणि त्यांनी जी सरबत्ती सुरू केली ती थांबेचना. आत येऊन बसल्या, चहा घेतला, चहाबद्दल तक्रार केली, जिन्यातल्या दिव्याबद्दल केली, मग पुन्हा पाण्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. चेहरा असा खुललेला, जणू सुट्टीवर आलेल्या. भाचीला म्हणाल्या, आयुष्यभर मी तक्रारी ऐकल्या गं, करायला कशी मजा येते ते कुणी सांगितलंच नव्हतं मला.

इथे सेक्रेटरींचा धीर सुटला. त्यांनी मनाशी हिशेब केला होता की फारच झालं तर किल्ली बाईंना परत देऊ आणि सुटू. पण बाई खूश. किल्ली घेणार कोण? त्यात ताईचा निरोप आला की ती मुलीला न्यायला येतेय, उद्याच. त्याच दुपारी मोटरने अशी एअर पकडली की तांब्यामागून तांबे ओतले तरी थेंब चढेना. गच्चीवरची टाकी कोरडी. उद्या ताई येणार, नळ सोडणार, नळातून नुसती हवा येणार आणि ती तो जुना सूर लावणार, दे इकडे. सेक्रेटरींनी राजीनामा लिहिला, खिशात घातला आणि बाईंचं दार वाजवलं.

"बाई, मोटर परत घ्या," ते म्हणाले. "आणि हा राजीनामा. दोन्ही तुम्हीच घ्या. नाहीतरी इथे चालतं ते तुमचंच. माझं काही नाही, हे मला कळलंय. सगळ्यांना आधीच माहीत होतं, मलाच उशीर झाला."

त्यांना रडू येत होतं आणि त्या वयात, मोटरवरून, रडू येतंय याची लाजही वाटत होती.

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. राजीनामा वाचला नाही. म्हणाल्या, "शाळेत माझ्या हाताखाली एक सुपरवायझर होते. पालक चिडून आले की आधी त्यांच्याकडे जायचे, वाट्टेल ते बोलायचे, मोकळे व्हायचे. मग ते माझ्याकडे यायचे आणि मी काम करून टाकायचे. माझा केवढा दरारा. ते रिटायर झाले, पालक थेट माझ्याकडे यायला लागले, आणि वर्षभरात मी सगळ्यांना नकोशी झाले. ज्याच्याकडून पाणी हवं त्याच्याशी माणसाला भांडता येत नाही, सेक्रेटरी. भांडायला दुसरं कुणीतरी लागतं."

"म्हणजे मी भांडायला."

"तुम्ही दार उघडता. ऐकून घेता. उलटून बोलत नाही आणि मनात धरत नाही. माझ्या दारात येता तेव्हा तिन्ही मजल्यांचं भांडण तुमच्या पोटात जिरलेलं असतं. मला हे एक दिवस जमलं नसतं." बाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या. पण तुम्ही सेक्रेटरी राहणार असाल तरच. दुसरा कुणी आला तर मला नको ती मोटर."

सेक्रेटरींना हा आपला अपमान आहे की गौरव, हे समजेना. दोन्ही असावं. पण इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल एवढं लांब वाक्य कुणी बोललं नव्हतं, म्हणून त्यांनी किल्ली दिली.

बाईंनी किल्ली चष्म्याच्या घरात ठेवली. मग म्हणाल्या, "तक्रारी करायला मजा आली हो. पण पाइपवर वाजवलं की वरून नळ फिरवल्याचे आवाज येतात ना, कोण उठलं, कोण नाही, ते कळतं. ते बंद झालं आणि सकाळ खायला उठायला लागली."

राजीनाम्याची त्यांनी घडी केली आणि खोपट्याच्या डुगडुगत्या दाराखाली पाचरीसारखी सारली. मग प्लंबरला बोलावणं गेलं आणि मोटर संध्याकाळपर्यंत पाणी ओढायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताई सकाळीच हजर. स्वतः गाडी चालवत आली. आल्या आल्या सोफा इकडचा तिकडे करायला लावला, भावाला वजनावरून बोलली, भाचीला केसांवरून बोलली, आणि आंघोळीला म्हणून नळ सोडला तर पाणी नाही. खालून टणटण ऐकूच आली नव्हती. ताईने तो सूर लावायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यात पावलांचा धडधडाट झाला.

"सेक्रेटरी, काय हे!" डॉक्टर दारात. त्यांच्यामागे बँकेतले साहेब, अर्ध्या तोंडाला साबण. त्यांच्यामागे बाकीची बिल्डिंग. सगळे एकदम बोलत होते. खाली मोटर गरम झाली होती आणि तिला हात लावून बघावं, असं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

"एवढी माणसं तुझ्याकडे येतात?" ताईने विचारलं.

सेक्रेटरींनी सदरा घातला, सगळी बटणं लावली, अगदी गळ्याचंसुद्धा. गर्दीने वाट दिली. ते खाली गेले, खुर्चीपुढे मान खाली घालून उभे राहिले, बाई दोन शब्द बोलल्या, आणि ते परत तीन मजले चढून आले. या वेळी त्यांची पावलं फार सावकाश पडत होती. ते थेट ताईपुढे येऊन थांबले.

"ताई, गाडी गेटसमोर लावलीयस. काढ."

भाची कोपऱ्यात उभी राहून एकटक बघत होती. ताईच्या भुवया वर गेल्या. या भावाने तिला आजवर काही कर म्हणून सांगितलेलं तिला आठवत नव्हतं.

"आणि नाही काढली तर? तू काय करशील?"

"मी काय करणार," सेक्रेटरी म्हणाले. "लोक मला बोलतील. तू जाईपर्यंत बोलतील, तू गेल्यावरही बोलतील. मी ऐकून घेईन."

ताईने दारातल्या माणसांकडे पाहिलं. साहेबांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता, डॉक्टर मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. मग तिने भावाकडे पाहिलं, गळ्यापर्यंत बटणं लावून उभ्या असलेल्या. ती दे इकडे म्हणाली नाही. पर्समधून गाडीची किल्ली काढून ती मुकाट्याने जिना उतरायला लागली.

थोड्या वेळाने खालून पाइपवर टणटण ऐकू आली आणि बिल्डिंगभर नळ फिरवल्याचे आवाज झाले. सेक्रेटरी आत गेले आणि ताईने उघडा टाकलेला नळ त्यांनी बंद केला.